बिन महमूदचे खासदार

मान्यांचे पाय लिफ्टच्या बाहेर लोंबत होते, पोट फटीत अडकलं होतं आणि डोकं आमच्या पावलांशी होतं, तेव्हा साहेबांनी कोटाचं बटण लावलं, घसा खाकरला आणि भाषण सुरू केलं.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे बंद पडली होती. दोह्यातला ऑगस्ट, शुक्रवारची सकाळ, लिफ्टचा पंखा बंद. आत आम्ही तिघं. एक मी. दुसरे साहेब, म्हणजे ज्या इंग्रजाच्या घरी मी स्वयंपाक करत होते तो माणूस. तिसरे माने, आमच्या इमारतीचे मॅनेजर, मूळचे तासगावचे. कोपऱ्यात ओल्या गोणपाटात खेकडेही होते, पण त्यांना मी धरत नाही.

मान्यांनी जोर लावून दार फाकवलं तेव्हा समोर बहुतेक सिमेंटची भिंतच निघाली. भिंतीच्या खाली, आमच्या पावलांच्या पातळीला, हात-दीड हाताची फट होती. फटीतून तिसऱ्या मजल्यावरची फरशी दिसत होती आणि कुणाच्या तरी दारातल्या चपला. त्यातून सरकून खाली उतरायचं, असा मान्यांचा बेत. पण आमच्या तळाखाली विहिरीसारखी मोकळी पोकळी होती. पाय सटकला की माणूस थेट तळात. आणि उतरता उतरता लिफ्ट हलली तर काय होईल, ते कळायला शाळा लागत नाही.

वॉचमनने खालून ओरडून सांगितलं होतं की सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या अग्निशामकवाल्यांना, फोन झालाय, कुणी उतरू नका, माणसं येतायत, इन्शाल्ला. तो शेवटचा शब्द ऐकला आणि मान्यांचा धीर सुटला. तोच शब्द माने स्वतः या लिफ्टच्या पार्टबद्दल दर शुक्रवारी आम्हाला ऐकवत होते.

"मावशी, मी चाललो," ते म्हणाले आणि पालथे पडून पाय बाहेर टाकले.

साहेब असे का वागले, ते कळायला साहेब माहीत पाहिजेत. तेवढं आधी सांगते. लिफ्ट कुठे जात नाही.

मी चौथी शिकलेली. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत पुढे शाळा नव्हती. नवरा गेल्यावर मुंबईच्या एका कुटुंबाबरोबर स्वयंपाकाला कतारला आले. त्यांच्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांच्या मागे फिरून कामापुरतं इंग्रजी कानाने शिकले. ते कुटुंब पुढे कॅनडाला गेलं आणि जाताना मला साहेबांकडे देऊन गेलं, फ्रिज आणि वॉशिंग मशीनसकट. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर झाला. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, तुम्ही कुठल्या. मी म्हटलं, गुहागर. त्यांनी ते दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिलं. तेव्हापासून मी "गुहागरच्या सन्माननीय सदस्य" झाले.

"मला नाव आहे," मी सांगितलं.

"सभागृहात नाव घेत नाहीत," साहेब म्हणाले. "मतदारसंघ सांगतात."

साहेब विलायतेत खासदार होते. त्याच्या आधी लोकांचे पैसे गुंतवायचे, नंतरही तेच करायला कतारला आले. खासदारकी गेली होती, पण सवय गेली नव्हती. त्यांच्या लेखी सगळी माणसं कुठूनतरी निवडून आलेली होती. एसी दुरुस्तीला येणारा पोरगा बीडकडचा होता, तो झाला केजचा सन्माननीय सदस्य. मॅनेजर झाले तासगावचे. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या त्या इमारतीत माणसाला कामावरून हाक मारायची पद्धत होती. ए एसी, ए ड्रायव्हर, ए वॉचमन. साहेबांनी केजला केज म्हटल्यावर तो पोरगा आमच्याकडचा फिल्टर दोनदा धुऊन द्यायला लागला. मला एवढाच फायदा दिसला, पण फायदा होता.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. त्यांच्या पार्लमेंटात एका वेळी एकच माणूस उभा राहतो. जो उभा, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी बसून ऐकायचं. साहेब जेवताना काही सांगायचं असलं की खुर्चीतून उठायचे, सांगायचे आणि झटकन बसायचे. मी आयुष्यभर उभीच. ओट्याशी उभी, सिंकशी उभी. मी उभी असले की साहेब बसून राहायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं माणूस मुका होतोय. मग त्यांनी समजावलं, की तुम्ही उभ्या आहात म्हणजे बोलायचा हक्क तुमचा आहे, तुम्ही बसल्याशिवाय मला बोलता येत नाही. हे कळल्यावर माझी सोय झाली. डोकं दुखत असलं की मी बसतच नव्हते.

सरळ उत्तर त्या माणसाच्या तोंडून कधी आलं नाही.

"साहेब, आमटीत मीठ बरोबर आहे?"

"मिठाच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक मतं आहेत."

"तुमचं काय मत आहे?"

"मी सन्माननीय सदस्यांचा आभारी आहे, की त्यांनी हा प्रश्न उपस्थित केला."

मग मी चव घेऊन बघायची. मीठ नसायचंच.

एकदा त्यांनी माझ्या धुतलेल्या चादरीवर कॉफी सांडली. म्हणाले, "कॉफी सांडली गेली, ही खेदाची बाब आहे." मी विचारलं, कोणी सांडली? ते म्हणाले, चौकशी चालू असताना बोलणं योग्य होणार नाही. चादर मीच धुतली.

दारांचं मात्र त्यांना खरोखरच काहीतरी झालेलं होतं. कुठल्याही दारासमोर आले की थांबायचे. वर बघायचे, खाली बघायचे, पाटी असली तर वाचायचे, पाटी नसली तर जास्तच वेळ थांबायचे. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारासमोर उभे राहिले की दार उघडायचं, बंद व्हायचं, परत उघडायचं, आणि साहेब विचार करत उभे. मागे माणसं तुंबायची. एकदा ते चष्मा घरी विसरले, म्हणून तो द्यायला मी मेट्रो आणि ट्राम करून लुसैलला त्यांच्या ऑफिसात गेले. काचेचा उंच मनोरा, खाली गोल फिरणारं दार. साहेब सकाळी घरातून निघाले होते, तरी मला दाराबाहेरच भेटले. चष्मा नसल्याने पाटी वाचता येत नव्हती.

एका दुपारी मी विचारलं, दारांची एवढी भीती कशाची? त्यांनी मला बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले आणि मीठदाणी व मिरपुडीची डबी टेबलावर मांडली. त्यांच्या पार्लमेंटात मत देताना हात वर करत नाहीत म्हणे. दोन दारं असतात. एक हो म्हणणाऱ्यांचं, एक नाही म्हणणाऱ्यांचं. घंटा वाजली की सगळे उठायचे आणि आपल्या दारातून चालत जायचं. जाताना मोजतात. साहेब तेव्हा नुकतेच छोटे मंत्री झाले होते, त्यांचं स्वतःचं विधेयक होतं, ओढ्या-कालव्यांच्या बंधाऱ्यांचं. घंटा झाली तेव्हा ते कुणाशी तरी मधमाश्यांबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्या माणसाबरोबर चालत गेले. तो माणूस विरोधी पक्षातला होता.

"म्हणजे स्वतःच्या कायद्याच्या विरुद्ध मत दिलंत?"

"आकडेवारीवरून तसं दिसतं."

"मागे फिरायचं."

"त्या दारातून मागे फिरता येत नाही."

मंत्रीपद गेलं. पुढच्या निवडणुकीत विरुद्ध बाजूच्या माणसाने गावागावात दाराचं चित्र असलेली पत्रकं वाटली. खासदारकीही गेली. बायको आधीच निघून गेली होती, ती मात्र बरोबर दारातून.

पण पार्लमेंटातली एक गोष्ट त्यांना उत्तम येत होती आणि तिचा त्यांना गर्व होता. शुक्रवारी तिथे किरकोळ विधेयकं घेतात. एखादं विधेयक नको असलं, तर त्याच्याविरुद्ध मत द्यायची गरज नसते. एकाने उभं राहायचं आणि दुपारची ठरलेली वेळ होईपर्यंत बोलत राहायचं. वेळ झाली की विधेयक पडलं. त्याला ते बोलून मारणं म्हणत. साहेबांनी अशी बरीच मारली होती. एक कुंपणाच्या झुडपांचं होतं. त्यावर ते सकाळपासून बोलत होते, झुडपं संपल्यावर पक्ष्यांवर गेले, पक्षी संपल्यावर आपल्या आजीच्या टोपीवर गेले.

"आणि हे काम करायला लोकांनी तुम्हाला निवडून दिलं?" मी विचारलं.

"प्रचंड बहुमताने नव्हे," ते म्हणाले. तेवढं एक उत्तर सरळ होतं.

मी सांगितलं, आमच्या वाडीतही असा एक होता. ग्रामसभेत उठला की लोक घरी जाऊन जेवून यायचे. त्याला आम्ही खासदार नव्हे, दुसरंच काही म्हणायचो. काय, ते साहेबांनी विचारलं. मी उभी राहिले.

गुंतवणुकीचं काम काय असतं, ते मला लुसैलची फेरी करूनही कळलं नव्हतं. शेवटी साहेबांनी सांगितलं, की मोठमोठे लोक विचारतात पैसे कुठे ठेवू, आणि मी सांगतो, सगळे एकाच जागी ठेवू नका.

"एवढंच?"

"बाकी तपशील आहे."

"हे तर माझ्या सासूला माहीत होतं. पाटल्या तांदळाच्या पिंपात, नथ पोह्यांच्या डब्यात, डूल देवाच्या मागे."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या सासूचा दाखला दिला. पश्चिम भारतातल्या किनाऱ्यावरच्या एक अनुभवी गुंतवणूकदार, असं म्हणाले. लोकांनी लिहून घेतलं म्हणे. नथ शेवटपर्यंत सापडली नव्हती, ते मी त्यांना सांगितलं नाही.

घरातही त्यांचा तोच नियम. छातीच्या गोळ्या त्यांनी वाटून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघरात, गाडीत, ऑफिसात आणि उशीखाली. जिथे साहेब असत तिथे गोळी नसे. खिशात ठेवा म्हटलं तर म्हणत, म्हणजे सगळी जोखीम एकाच कोटात.

आता शुक्रवारचं टेबल.

विलायतेत खासदार आठवड्यातून एकदा आपल्या भागात बसतो आणि लोकांच्या तक्रारी ऐकतो. साहेबांनी बिन महमूदला तेच चालू केलं. इमारतीच्या खालच्या लॉबीत, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवतात तिथे, टेबल लावलं. मी दुभाषी. मला विचारलं नव्हतं.

माने धावत आले. "साहेब, मीटिंग नको. इथं मीटिंगला परवानगी लागती."

"ही मीटिंग नाही. एका वेळी एकच माणूस."

"आन बाकीची मानसं? रांग लागंल की."

"ती लिफ्टची वाट बघत उभी राहतील."

आमच्या लिफ्टची वाट बघत माणसं सकाळपासून उभी असली तरी कुणाला संशय आला नसता.

लोक यायला लागले. कुणाचा एसी गळतो, कुणाच्या मुलाला मराठी बोल म्हटलं तर तो इंग्रजीत उलट उत्तर देतो, कुणाचा शेजारी पहाटे ट्रेडमिलवर पळतो. इथे कुणालाच मत नाही आणि साहेबांच्या हातात काहीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी यायचे. साहेब पाठ ताठ करून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "मी हे योग्य त्या ठिकाणी मांडीन." योग्य ठिकाण म्हणजे माने.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या नाशिकच्या इंजिनियरबाई माझ्याविरुद्ध तक्रार घेऊन आल्या. सहाव्या, म्हणजे आमच्याच, मजल्यावर कुणीतरी सुकट भाजतं आणि वास त्यांच्या बेडरूममध्ये येतो. तक्रार माझ्यावर आणि दुभाषीही मीच. मी शब्दन् शब्द सांगितला. साहेब म्हणाले, प्रश्न गंभीर आहे, यावर समिती नेमू. समितीत एकच सदस्य, मी. समितीने वास घेऊन अहवाल दिला की वास समुद्राचा आहे. इंजिनियरबाई म्हणाल्या, "समुद्र कांदा-लसूण घालून भाजतो का हो, मावशी?" पण समितीचं काम तोवर संपलं होतं.

काम झालं ते एकदाच. गच्चीवरचा नळ वाहत होता. त्यावर तीन-चार शुक्रवार चर्चा झाली. शेवटी केजचे सदस्य चर्चेला कंटाळले, पाना घेऊन वर गेले आणि स्वतःच नळ बसवून आले. साहेबांनी तो टेबलाचा विजय म्हणून जाहीर केला.

सगळ्यात जास्त तक्रारी लिफ्टच्या. थरथरते, मजल्याच्या खाली-वर थांबते, आतली घंटा वाजत नाही. दर शुक्रवारी साहेब उभे राहून विचारायचे, "तासगावचे सन्माननीय सदस्य सभागृहाला सांगतील का, की लिफ्ट कधी दुरुस्त होणार?"

माने म्हणायचे, "साहेब, प्रोसेस चालू हाय. पार्ट मागवलाय. पार्ट आला की खलास, एका दिवसात काम. इन्शाल्ला."

"पार्ट कुठून येणार आहे?"

"बाहेरून."

साहेब मला हळूच म्हणाले, "हा माणूस मंत्री व्हायला हवा होता."

मान्यांचंही खरं होतं. मालक पार्टचं नाव काढू देत नव्हता आणि मालकाला परत परत विचारणारा मॅनेजर टिकत नाही. तासगावला दोन मुली शिकत होत्या. ते वरच्याला हो म्हणायचे, खालच्याला इन्शाल्ला म्हणायचे आणि दोघांच्या मधे हात बांधून उभे राहायचे. साहेब माणूस बोलत असला की माने हलायचे नाहीत. कुठलाही साहेब असो, काहीही बोलो. एकदा एका ऑफिसरने फोनवर दुसऱ्याच कुणाला झापलं, तरी संपेपर्यंत माने समोर मान खाली घालून उभे होते.

साहेब आता विलायतेत असतात. निवृत्त झाल्यावर गेले, मला माझ्या सामानासाठी एक सूटकेस देऊन. त्यांच्या खेड्याच्या पंचायतीवर निवडून आले म्हणे. पंचायतीच्या इमारतीला एकच दार आहे, असं त्यांनी मला फोनवर मुद्दाम सांगितलं.

तर लिफ्ट.

त्या शुक्रवारी मी आणि साहेब सकाळीच मासळी बाजारात जाऊन आलो होतो. खेकडे वळवळते मिळाले. लॉबीत आलो तर माने जिन्याकडे निघालेले. एवढं पोट घेऊन माने रोज जिन्याने जातात, हे साहेबांच्या नजरेत बरेच दिवस होतं.

"तासगावचे सदस्य लिफ्ट वापरत नाहीत?"

"व्यायाम, साहेब."

"आज आपण पाहणी करू. जागेवर जाऊन."

"नको साहेब, दम लागतो लिफ्टमदी."

"सभागृहाची इच्छा आहे," साहेब म्हणाले. मान्यांचा दंड धरून त्यांना आत घेतलं. साहेबाने दंड धरल्यावर नाही म्हणणं मान्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणजे माने आत आले ते साहेबांमुळे, हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही.

पुढचं सांगितलंच आहे. लिफ्ट अडकली, पंखा गेला, वॉचमन ओरडला, मान्यांनी दार फाकवलं आणि पाय बाहेर टाकले. पोटापाशी अडकले.

"माने, आत या," मी म्हटलं.

"मावशी, जरा ढकला. एवढं पोट गेलं की झालं."

"ढकलते का बघा."

"हितं गुदमरून मरायचं का मग? दुरुस्तीवाला काय येनार न्हाई. मला म्हाईत हाय, मीच बोलवला न्हाई त्याला." आणि श्वास सोडून पोट आत ओढून ते बोटभर खाली सरकले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. गोळ्या चार ठिकाणी होत्या, लिफ्ट पाचवं ठिकाण. मला वाटलं आता हे आडवे होतात. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि माझ्याकडे बघून हाताने खूण केली, बसा.

ती खूण मी रोज बघत होते. मी खाली बसले, खेकड्यांशेजारी.

"अध्यक्ष महोदया," साहेब मला म्हणाले, "तासगावच्या सन्माननीय सदस्यांनी पायाकडून सभागृह सोडण्याचा प्रस्ताव मांडला आहे. या प्रस्तावावर मला काही शब्द बोलायचे आहेत."

मला झुडपं आठवली आणि आजीची टोपी आठवली. हा माणूस काय करतोय ते मला कळलं.

"माने," मी म्हटलं, "साहेब बोलतायत."

"व्हय, ऐकतोय."

"असे पालथे पडून? साहेब उभ्याने बोलतायत आणि तुम्ही त्यांच्या बुटाकडे तोंड करून?"

मान्यांनी मान वर केली. साहेब खरंच त्यांच्याकडेच बघत बोलत होते, एक हात कोटाच्या कडेला धरून. माने घामाने निथळत होते, मरणाला भ्याले होते, पण आयुष्यभराची सवय मोठी. म्हणाले, "सॉरी साहेब." मी त्यांचा पट्टा धरला आणि ओढला. पोट परत अडकलं, मग सुटलं. माने आत आले, उठून उभे राहायला लागले.

"खाली बसा. एका वेळी एकच उभा."

ते माझ्याशेजारी बसले, हात बांधून.

साहेब बोलत राहिले. लिफ्ट या वस्तूचा शोध कसा लागला इथून सुरुवात. मग जिने. मग त्यांच्या मतदारसंघातला एक दगडी जिना, त्याला कठडा असावा की नसावा. त्यांचं इंग्रजी मान्यांना झेपत नव्हतं, म्हणून मी मराठीत सांगत होते. साहेबांचं एक वाक्य, माझी चार. जिथे मला समजलं नाही तिथे मी खेकड्याचं कालवण कसं करतात ते सांगितलं. नांग्या आधी ठेचायच्या, तो रस गाळून घ्यायचा, वाटप शेवटी.

"मावशी, साहेब कालवनाबद्दल बोलतायत?"

"सगळ्याबद्दल बोलतायत."

"संपत आलं का?"

"आता दुसरा मुद्दा."

दर थोड्या वेळाने माने फटीकडे बघायचे. साहेबांनी श्वास घेतला की ते ढुंगण उचलायचे. मग साहेब आणखी मोठ्याने पुढचं वाक्य सुरू करायचे आणि माने परत बसायचे. साहेबांच्या कॉलरमधून घाम गळत होता. एक हात छातीवर गेला. मी म्हटलं, साहेब, बसता का जरा? ते म्हणाले, "मी जागा सोडत नाही." आणि ओढ्या-कालव्यांच्या बंधाऱ्यांवर आले. ते त्यांचंच पडलेलं विधेयक. त्याची सगळी कलमं त्यांना पाठ होती. आवाज बसला होता, तरी एकेक कलम वाचल्यासारखं म्हणत होते.

"एवढं काय हाय बंधाऱ्यात?" मान्यांनी विचारलं. "आमच्याकडं दोन दगड टाकत्यात न् झालं." आणि फटीकडे सरकले. "बास, मावशी. साहेबांना सांगा माफ करा. मी उतरतो."

"मत घेतल्याशिवाय उतरता येत नाही," मी म्हटलं.

"मग घ्या की मत."

"भाषण संपल्याशिवाय मत घेता येत नाही."

तो नियम मी तिथेच ऐनवेळी सांगितला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली, म्हणजे तो बरोबर निघाला.

कलम नववं की दहावं चालू होतं. लिफ्टने वर उसळी मारली. आवाज मोठा नव्हता, लोखंडी कपाट सरकवल्यासारखा. मी भिंतीवर आपटले, खेकडे मान्यांच्या मांडीवर. लिफ्ट परत थांबली. दार उघडंच होतं. समोर फट नव्हती. जिथे मान्यांची कंबर होती तिथे सिमेंट होतं, आमच्या तळाला चिकटून, मधे बोटही जाणार नाही इतकं.

माने सिमेंटकडे बघत होते, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. एक पाय हाताने चाचपला, मग दुसरा.

साहेब म्हणाले, "कलम अकरा." आणि बोलतच राहिले. आता कुणाला कुठे जायला जागाच नव्हती, तरी. मला वाटतं त्यांना थांबता येत नव्हतं.

सिव्हिल डिफेन्सची माणसं आली, वरून दार उघडलं, "यल्ला, यल्ला" करत आम्हाला चौथ्या मजल्यावर ओढून घेतलं. साहेबांना मी खुर्चीत बसवलं, धावत वर जाऊन स्वयंपाकघरातली गोळी आणली आणि जिभेखाली ठेवली. रंग परत आला. वॉचमन, इंजिनियरबाई, केजचे सदस्य, सगळे जमले होते. माने साहेबांसमोर हात बांधून उभे. म्हणाले, "साहेब, पार्ट मी आजच मागवतो. मालकाला काय सांगायचं ते माझं मी बघतो." पार्ट आठवड्यात आला. कुठे लांबून येणार नव्हताच, इथल्याच इंडस्ट्रियल एरियात मिळाला.

मी नंतर साहेबांना एकदा विचारलं, तुम्हाला माहीत होतं का लिफ्ट वर जाणार ते? ते म्हणाले, या प्रश्नाची मला पूर्वसूचना मिळालेली नाही. मी बसलेलीच होते, तरी पुढे बोलले नाहीत.

खेकड्यांचं कालवण त्याच दुपारी केलं. साहेबांनी दोनदा घेतलं आणि मिठाबद्दल काही म्हटलं नाही.

लिफ्टमधून बाहेर आलो ते तिघं. साहेब, मी आणि माने. माने आपल्या दोन पायांनी चालत जिन्याने खाली गेले.